गार्डावरचे ओरखडे

माझा स्वभाव संशयी आहे, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. म्हणू देत. घरातला माणूस रोज सकाळी तोंडावर खोटं बोलत असेल तर बाईनं काय टाळ कुटत बसावं?

ह्यांच्या छातीत स्प्रिंग टाकली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, सायकल चालवा, पण सपाट रस्त्यावर. चढ अजिबात चढायचा नाही. मी सगळं ऐकलं. ह्यांनी फक्त ‘सायकल’ ऐकलं. वीज केंद्रातून रिटायर झालेला माणूस, दिवसभर घरात नुसत्या येरझाऱ्या. तेवढ्यात पुण्याच्या जावईबापूंनी आपली जुनी डोंगरात चालवायची सायकल परळीला पाठवून दिली. जावयाला नको कसं म्हणणार?

सायकल मोठी नखरेल. मागं चकत्यांचा ढीग, पुढं मात्र दात्यांचं एकच चक्र आणि त्याच्या खालून जाडजूड काळं गार्ड. मी विचारलं तर जावईबापू फोनवर म्हणाले, “मामी, पुढं एकच चक्र असतंय. त्याचे दाते वाकले की चेन सुटली, मग सायकल ढकलतच आणायची. म्हणून गार्ड. दगड आला तर मार ते खातं, चक्र वाचतं.” मी मनात म्हणलं, आमच्या घरातबी एकच चक्र आहे बाबा, आणि त्याचं गार्ड मी.

रोज सकाळी हे जायचे, तासाभरानं मागच्या दारानं परत यायचे.

“कुठं गेलता?”

“स्टेशनाकडून राखेच्या रस्त्यानं. पार पुलापर्यंत.”

चेनवर राख दिसायची. वीज केंद्राच्या गावात राखेचं काय नवल! वाळत घातलेल्या साडीवर राख, कुरडयांवर राख. त्या रस्त्यानं तर दिवसभर राखेचे टिप्पर पळतात. माझा विश्वास बसला. बसायला नको होता.

दसऱ्याला सापडले. सायकल धुऊन पुसून अंगणात उभी केली होती. हळदीकुंकू लावायला मी खाली वाकले, तर गार्डाच्या पोटाला पांढरे ओरखडे. चांगले खोल, खरवडून काढल्यासारखे. सपाट डांबरी रस्त्यावर एवढे दगड कुठून आले?

“अहो, हे कावून असं झालं?”

“गतिरोधकाला घासलं असंल.”

गतिरोधकाला! एवढी उंच सायकल, तिच्या पोटाखालून मांजर जाईल.  झेंडूचं फूल ठेवलं, ओवाळलं, पण आरतीत माझं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेल्यावर चेनवर बोट फिरवलं. वर राख, आणि राखेखाली तांबडा मुरूम. तसला मुरूम आमच्याकडं फक्त गावामागच्या डोंगराच्या वाटेला. शिवाय राख उडून बसलेली नव्हती, मुठीनं टाकलेली होती. चेनच्या तेलात तिचे गोळे झाले होते. मोरीतला भांडी घासायच्या राखेचा डबा उघडला, तर निम्मा झालेला. अगं बाई! म्हणजे डोंगर चढून यायचं आणि माझ्यासाठी वरून राख भुरभुरायची!

हे बाहेर आले तशी मी तो डबाच समोर आदळला.

“डोंगरावर जाता का न्हाई? खरं सांगा.”

“जातो.”

“मरायचंय का तुमाला?” मी ओरडले. ओरडता ओरडता रडायलाच आलं.

हे हातातला टॉवेल पिळू लागले. मग म्हणाले, “खाली जो भेटंल तो इचारतो, तब्येत कशी हाय. घरी आलो की तू इचारतीस. वर कुणीच इचारत न्हाई. तिथं मी आजारी नसतो.”

राग आला, लई राग आला. माझा इथं जीव टांगणीला, आणि ह्यांना आजारी नसायचं होतं!  शेवटी तोड निघाली. अर्ध्या डोंगरावरच्या लिंबाच्या झाडापर्यंतच जायचं. चेनला राख लावायची नाही, राखेनं दाते झिजतात, हे जावईबापूंकडून मी विचारून घेतलं होतं. आणि मी काही विचारायचं नाही.

विचारलं नाही. पण बघायचं नाही असं कुठं ठरलं होतं? हे चहा पीत बसले की मी अंगण झाडायच्या निमित्तानं गार्डाशी वाकायची. नवा ओरखडा दिसला की समजायचं, माणूस वर गेला आणि धडधाकट खाली आला. त्या ओरखड्यानं माझी सकाळ नीट सुरू व्हायची.

संक्रांतीनंतरची गोष्ट. हे आले, खुर्चीत बसले आणि आपणहून म्हणाले, “आज लिंबापर्यंत गेलतो. काय हवा होती!”

मी विचारलंच नव्हतं. न विचारता सांगणाऱ्याचा मला भरवसा वाटत नाही. चहा हातात देऊन मी झाडू घेतला. चेनवर मुरूम होता, टायरवर होता, भरपूर होता. पण सगळा दाराकडच्या बाजूला. पलीकडची बाजू कोरी. गार्डावर नवा ओरखडा एकही नव्हता. आठवून बघितलं, तर कालही नव्हता. परवाही नव्हता.

मी ह्यांच्या हातांकडं पाहिलं. कपबशी धरलेल्या बोटांच्या नखांत तांबडी माती होती.

चढणं होत नव्हतं. पायथ्याशीच बसून, मुठीनं मुरूम फासून माणूस घरी येत होता.

मी झाडू टाकला. औषधांची पिशवी घेतली, पाकीट घेतलं, ओळखीच्या ऑटोवाल्याला फोन लावला. “अंबाजोगाईला, दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता ये.”

मला वाटलं होतं आता वाद घालतील. कावून म्हणून विचारतील, काही झालं न्हाई म्हणतील. हे मात्र उठले. मोरीत जाऊन हात धुतले, नखं घासून साफ केली, आणि रिक्षा आल्यावर माझ्या आधी जाऊन आत बसले.