व्हर्माउथची धार

व्हर्माउथ म्हणजे काय ते मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं, आणि कळल्याबरोबर मी माजलो.

आधी एकदा नाशिकला एका लग्नात लाल व्हर्माउथ चाखली होती. गोडमिट्ट, खोकल्याच्या औषधासारखी. बाटली वर्षभर उघडी फडताळात पडलेली. पुण्याच्या जावयानं मात्र दोन चांगल्या बाटल्या आणून दिल्या आणि बजावलं, ही जडीबुटी घातलेली वाइनच आहे, उघडली की फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी होती ती कोरडी, जिभेला किंचित खारट. लाल आधी संत्र्याच्या सालीसारखी गोड आणि मग मागून काडेचिराइताचा कडूपणा. तो कडूपणा गोडाला डोक्यावर बसू देत नव्हता. मला ती फार आवडली. नंदुरबारात ती फक्त माझ्याकडे आहे, हे त्याहून जास्त आवडलं.

एका रविवारी दुपारी शाळेतल्या दोन मास्तरांना बोलावून मी इटलीच्या या वाइनवर व्याख्यान सुरू केलं. तेवढ्यात डोंगरातल्या मोलगीहून माझा जुना मित्र आला. तिकडच्या आश्रमशाळेत आम्ही नऊ वर्षं एकत्र शिकवलं. ती नऊ वर्षं मी त्याच्याच घरी जेवलो, त्याच्या आईच्या हातची पहिल्या धारेची मोहाची प्यालो. म्हातारी त्यात कसलीशी मुळी घालायची. तो मला दादा म्हणायचा. त्या डोंगरात आपलं म्हणावं असं मला तेवढंच एक घर होतं.

त्यालाही पेला दिला. वास घेऊन तो ओठांत हसला आणि त्याच्या नेहमीच्या शाळेतल्या मराठीत म्हणाला, "दादा, आईच्या मुळीचा वास आहे."

मास्तर फिदीफिदी हसले. माझं इटलीवरचं व्याख्यान त्यानं एका वाक्यात मोहाच्या हंड्यात बुडवलं होतं. मी चिडलो आणि घरच्या बोलीवर आलो.

"हाई काय तुमना मोहानं पानी नही शे," मी म्हणालो.

पेला तिरपा करून त्यानं चार थेंब फरशीवर सोडले. याला तिकडे धार टाकणं म्हणतात: गेलेल्या माणसाला आधी द्यायचं, मग आपण प्यायचं. मला हे पक्कं ठाऊक होतं. माझे वडील गेले तेव्हा त्याच्या आईनं त्यांच्यासाठी अशीच धार टाकली होती आणि मी तिच्या दारात बसून रडलो होतो. पण आत्ता मास्तर बघत होते.

"काय करी ऱ्हायना तू?" मी ओरडलो आणि त्याच्या हातातला पेला हिसकावला. "हाई मन्ही फरशी शे. तुन्हा डोंगर नही."

त्यानं खिशातून रुमाल काढला, वाकून फरशी पुसली. मग म्हणाला, "आई गेली, दादा. बुधवारी कार्य आहे. तेच सांगायला आलो होतो."

मला भयंकर लाज वाटली. तरी मास्तरांसमोर माफी मागवेना, आणि ते उठायच्या आधीच तो निघून गेला.

बुधवारी मी गेलो. अंगणात माणसं ओळीनं बसली होती. पळसाच्या पानाच्या दोन्यांतून मोहाची हातोहात दिली जात होती आणि जो तो म्हातारीसाठी धार टाकत होता. माझी पाळी आली तसा तो स्वतः उठला, आत गेला आणि कोल्ड्रिंकची बाटली घेऊन आला. खास माझ्यासाठी बाजारातून आणून ठेवली होती. त्यानं झाकण उघडलं आणि दोन्ही हातांनी ती माझ्यापुढे धरली.

"घ्या, सर," तो म्हणाला. "तुम्हाला आमची चालत नाही."