कंपनी या शब्दातली भाकरी

विश्रांतवाडीतल्या आमच्या गल्लीत पुरुषमाणसं तीन ठिकाणी कामाला असायची: ऑफिसात, मिलिटरीत नाहीतर कंपनीत. माझे बाबा कंपनीत होते. कुठली कंपनी, तिथे काय बनतं, हे फारसं कुणी विचारत नसे. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा कंपनीत आहे’ एवढं म्हटलं की मुलीकडची मंडळी खुर्चीत जरा सैल होऊन बसायची.

मी शाळेत असताना इतिहासात कंपनी सरकार आलं. शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण चढलं, असं बाईंनी शिकवलं. घरी येऊन मी बाबांना विचारलं, हे तुमच्याच कंपनीनं केलं का? बाबांना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा प्रश्न कारखान्यात जेवताना सांगितला आणि संध्याकाळी उत्तर घेऊन आले. उत्तर असं होतं: “नाही म्हणून सांगा मुलीला. आमच्या कंपनीला कँटीनचं गळकं छत आवरत नाही, ती राज्य कुठलं घेते?”

हे उत्तर नारायण पेठेतल्या काकांचं होतं. बाबांच्या तोंडी त्यांचं आणि हडपसरजवळच्या मांजरी गावच्या काकांचं नाव रोज असायचं. ते तिघे कारखान्यात एका टेबलावर जेवत. पण ते टेबल जमायला बराच काळ गेला होता, हे मला मोठी झाल्यावर कळलं, तेही तुकड्यातुकड्यांनी.

बाबा भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून पुण्याला आले. आजोबा नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेले आणि पोरानं शिकलंच पाहिजे या एका गोष्टीवर अडून बसलेले. बाबा आयटीआय करून टर्नर झाले आणि भोसरीच्या बाजूला एका कारखान्यात लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, लागले. आई तेव्हा गावीच होती. बाबा खोलीवर स्वतःच भात-वरण शिजवायचे, डब्यात भरायचे आणि जेवणाच्या सुट्टीत भंगाराच्या ढिगापलीकडे एका कडुनिंबाखाली जाऊन बसायचे. कँटीनमध्ये कुठलं टेबल कुणाचं अशी पाटी नव्हती, तरी ज्याला त्याला ते ठाऊक होतं. गावच्या शाळेत बाबांची पाण्याची जागा वेगळी होती. कुणी ऊठ म्हणण्याआधी आपणच लांब बसावं, ही सवय त्यांच्या अंगात तिथूनच मुरलेली. मी विचारलं तर ते एवढंच म्हणत, “सावली छान होती तिथं.”

एक दिवस त्या सावलीत मांजरीचे काका आले. ते फिटर होते, वयानं बाबांपेक्षा थोडे मोठे. घरचा ऊस होता, पण भाऊ बरेच, म्हणून हे नोकरीला आले होते. फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन ते उभे राहिले आणि म्हणाले, “हितं बसू का? तिकडं लई कालवा हाय.”

बाबा सरकून बसले. काकांनी त्यांच्या डब्यात डोकावून पाहिलं, एवढ्याशा भातावर दिवसभर लेथ कशी ओढता म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या बाजरीच्या भाकरीचे दोन तुकडे करून एक बाबांच्या झाकणावर ठेवला. वर ठेचा. बाबांचा हात पुढे जाईना.

“खा की,” काका म्हणाले. “गार झाली की वातड व्हती.”

बाबा हे प्रत्येक वेळी बारकाव्यांसकट सांगत. भाकरीला तीळ लावलेले होते, ठेच्यात लसूण जास्त होता, हे सगळं त्यांना आठवायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहाटे उठून तुरीच्या हिरव्या दाण्यांची आमटी केली, आमच्याकडे करतात तशी, दाणे भाजून वाटून. काकांनी डबा बोटानं पुसून खाल्ला. मग ते रोजचंच झालं.

उन्हाळा लागताना कडुनिंबाची पानं गळाली, तेव्हा काकांनी बाबांना कँटीनमध्ये नेलं आणि पंख्याखालच्या टेबलावर बसवलं. आधीपासून तिथे बसलेल्या दोघांनी आपले डबे उचलले आणि दुसरीकडे गेले. बाबा उठायला लागले. काकांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि जेवत राहिले. काही दिवस ते लांबलचक टेबल दोघांनाच होतं.

मग एका दुपारी नारायण पेठेतले काका डबा घेऊन आले. ते क्वालिटीत होते. बाबांनी केलेला प्रत्येक भाग त्यांच्या मायक्रोमीटरखालून जायचा, आणि केसभर फरक असला तरी ते तो परत पाठवायचे. सगळे त्यांना टरकून असत. ते बाबांना म्हणाले, “आपली हरकत नसेल तर इथे बसतो. असली तरी बसणार आहे, कारण चालू पंखा हा एकच आहे.”

सुरुवातीला ते आपलं आपण जेवायचे. पोळी, बटाट्याची भाजी, मेतकूट-भात. आमटी पुढे केली की नको म्हणायचे. घरी त्यांचे वडील जुन्या वळणाचे होते, हे बाबांना ऐकून माहीत होतं, म्हणून बाबांनीही आग्रह सोडला. मग एकदा त्यांनी ठेच्याकडे बराच वेळ पाहिलं. हा प्रकार दिसायला धोक्याचा आहे, तपासून घ्यावा लागेल, असं म्हणून त्यांनी बोटभर ठेचा आणि बाबांच्या डब्यातली आमटी आपल्या भातावर घेतली. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा हलला नाही. “पास,” म्हणाले. त्या दिवसापासून तिघांचे डबे टेबलाच्या मध्ये उघडे राहू लागले. पुढे आई पुण्याला आली, तेव्हा बाबांनी तिला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की डब्यात तिघांपुरतं घालत जा.

दोघे काका आमच्या घरी यायचे. मांजरीचे काका दारातूनच आमच्या पद्धतीचा नमस्कार घालायचे आणि बाबा त्यांना रामराम म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, दोघांची चुकून अदलाबदल झाली आहे.

मी नववीत असताना कारखाना बंद झाला. मालकांनी यंत्रं दुसऱ्या राज्यात हलवायची ठरवली आणि माणसांना घरी बसवलं. बाबा काही दिवस नुसते गॅलरीत उभे राहायचे. जेवायला बसले की दोन घास खाऊन उठायचे. आईनं एकदा विचारलं, की भाजी बिघडली का? ते म्हणाले, “नाही. एकट्यानं जेवण जात नाही.” आम्ही सगळे शेजारीच बसलो होतो, पण आईला राग आला नाही. तिनं दुसऱ्या दिवशी दोन्ही काकांना निरोप धाडला.

त्या रविवारी आमच्या खोलीत जेवता जेवता मांजरीच्या काकांनी सांगितलं, की उसाच्या कडेला त्यांच्या वाट्याचा एक तुकडा पडीक आहे, तिथे शेड घालता येईल. रसवंतीवाल्यांच्या चरकाचे रोलर झिजतात आणि ते नीट करून देणारं जवळपास कुणी नाही. लेथ बाबा चालवतील, जोडणी ते स्वतः करतील. पेठेतले काका भातावर आमटी कालवत राहिले. त्यांना दुसरीकडे बरी नोकरी चालून आली होती. शेवटी म्हणाले, “तुम्हां दोघांचं काम कुणी तपासलं नाही, तर गिऱ्हाईकांचे हात चरकात जातील. मला यावं लागणार.”

शेड उभी राहिली. पत्रा तापायचा, वीज जायची, पण रोलर मात्र असे गुळगुळीत निघत, की हडपसरपासूनचे रसवंतीवाले मांजरी शोधत येऊ लागले. मग पंपांचे शाफ्ट आले. हाताखाली माणसं आली. जेवणाचा नियम त्या तिघांनी कधी ठरवला नाही. घंटा झाली की सगळे एका लांब टेबलाशी बसत, एवढंच.

याच काळात एका मोठ्या कारखान्याचे खरेदीचे साहेब शेड बघायला आले. काम मिळालं असतं तर वर्षभराची ददात मिटली असती. त्यांना शाफ्ट आवडले. जेवणाची वेळ झाली, तसे ते पेठेतल्या काकांना बाजूला घेऊन बोलले. मांजरीचे काका तिथेच नळावर हात धूत होते, म्हणून ते आम्हांला पुढे कळलं. साहेबांनी बाबांचं आडनाव ऐकलं होतं. तुमच्यासारख्यांनी यांच्याबरोबर भागीदारी करावी, वर एका पंगतीला बसावं, याचं त्यांना नवल वाटत होतं. पेठेतले काका त्यांना म्हणाले, “गेली कित्येक वर्षं मी यांचं काम मोजतोय. नाकारण्यासारखं काही सापडलं नाही. आपल्याला एका फेरीत सापडलेलं दिसतं. रस्ता समोरच आहे.”

ते काम आलं नाही. ते वर्ष ओढाताणीचं गेलं. बाबांना कारण कळलं ते फार उशिरा, मांजरीच्या काकांकडून. त्यांनी पेठेतल्या काकांना विचारलंही, की तेव्हाच काऊन नाही सांगितलं? काका म्हणाले, “सांगण्यासारखं काय होतं? माल रिजेक्ट केला.”

मी तोवर इंग्रजी घेऊन एम.ए. करत होते. एकदा वर्गात सरांनी शब्दांच्या मुळांबद्दल बोलताना फळ्यावर ‘कंपनी’ लिहिलं. मला वाटलं, आता व्यापार, गलबतं, गोरे साहेब असं काहीतरी येणार. सर म्हणाले, लॅटिनमध्ये ‘कॉम’ म्हणजे सोबत आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. सोबत भाकरी खाणारे ते कंपॅनियन, आणि त्यांची मिळून झाली ती कंपनी. हा शब्द फ्रेंचांकडे एकत्र राहणाऱ्या शिपायांच्या तुकडीला लागला, इंग्रजीत आल्यावर व्यापाऱ्यांच्या मंडळीला लागला आणि मग जहाजात बसून आपल्याकडे आला. आपण ‘चल, मला कंपनी दे’ म्हणतो, त्यात मूळ अर्थ अजून थोडा शिल्लक आहे. पुढे ते म्हणाले, की पोर्तुगिजांनी आणलेला पावही त्याच पानिसच्या घरातला. म्हणजे कोपऱ्यावरच्या गाडीवरचा पाव आणि माझ्या बाबांची कंपनी ही सख्खी चुलत भावंडं निघाली.

पुढच्या तासाला मी बसले नाही. स्कूटी काढली आणि तडक मांजरीला गेले. पोचले तेव्हा सगळे जेवायला बसत होते. हेल्मेटही न काढता मी जे ऐकलं ते धाडधाड सांगून टाकलं.  मग मांजरीचे काका म्हणाले, “म्हंजी आपुन कंपनी आधीच झालो, आन शेड नंतर घातली.”

पेठेतले काका म्हणाले, की मग भोसरीला इतकी वर्षं नोकरी केली, तो नुसता कारखाना होता; कंपनी फक्त त्या एका पंख्याखाली होती. सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी घास खाली ठेवला आणि मला विचारलं, “अन् जो एकटाच जेवून राहिला, त्याले काय म्हणते इंग्रजीत?”

मला एकही शब्द आठवला नाही. तसं मी सांगितलं.

“नसू दे,” बाबा म्हणाले, आणि सरकून मला शेजारी जागा करून दिली. मी आजवर अनेक पदवीदान समारंभांना बसले आहे, एकदोनदा व्यासपीठावरही. पण त्या पत्र्याखाली, तेलकट हातांच्या त्या माणसांच्या मध्ये बसताना मान जशी ताठ झाली, तशी नंतर कुठेच झाली नाही.

आता मी कॉलेजात शिकवते. माझे विद्यार्थी ‘मॅम, कंपनीत प्लेस व्हायचंय’ म्हणतात. त्यांना मी या शब्दाची गोष्ट सांगते आणि तुमच्या आयटीतल्या पॅन्ट्रीचं मूळही त्याच भाकरीत आहे म्हणते. ती लिहून घेतात, काही जण गुपचूप फोनवर तपासून बघतात.

मांजरी बदलली. ऊस मागे गेला आणि उंच इमारती पुढे आल्या. शेडचा तुकडा आता मोक्याचा झाला. मागच्या वर्षी एक बिल्डर मांजरीच्या काकांकडे आला. नंतर दुसरा, तिसरा. काका आता थकले आहेत, काठी घेऊन चालतात. बाबांना आणि पेठेतल्या काकांना मनातून वाटत होतं, की त्यांनी जागा विकावी, मुलानातवंडांचं भलं होईल. आपलं काय, आपले हातपाय चालून झाले. तसं सांगायलाच दोघे एका गुरुवारी गेले. मीही गाडी चालवायला म्हणून बरोबर होते.

काकांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, की जागा आता त्यांची नाहीच. दोन्ही मुलांना विचारून त्यांनी ती केव्हाच तिघांच्या कंपनीच्या नावावर करून टाकली होती.

पेठेतले काका संतापले. “आम्हांला एका शब्दानं विचारलं असतं, तर नाही म्हटलं असतं.”

“म्हून तर इचारलं न्हाई,” मांजरीचे काका म्हणाले.

 बाबा उठून नळाशी गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. परत आले तेव्हा त्यांनी मांजरीच्या काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. बाहेर मशीनं चालू होती. काकांचा धाकटा मुलगा संगणकावर चालणाऱ्या नव्या सीएनसी यंत्रावर काम घेत होता.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी गावी आपल्या धाकट्या भावाला फोन लावला. एरवी ते फोनवर ‘बरं आहे, ठेवतो’ यापलीकडे जात नाहीत. त्या दिवशी ते गॅलरीत येरझारा घालत बोलत राहिले, पहिल्यापासून, कडुनिंबाखालच्या भाकरीपासून, सगळं. आईनं दोनदा जेवायला हाक मारली. मग तिनं मला खूण केली, की राहू दे, बोलू दे त्यांना.