वारा घराकडं होता

"तुम्हा लोकांना चित्रातसुद्धा चूलच दिसते का हो?"

सर असं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. शहरातल्या चित्रप्रदर्शनात, बी.एड.च्या चाळीस जणांसमोर. मीही थोडी हसले. त्याची लाज अजून जात नाही.

चित्र भलंमोठं होतं. काळं आभाळ, वाकलेली झाडं, विजेची रेघ. खाली कोपऱ्यात एक घर, त्याच्याकडं झुकलेला धूर आणि हात उंचावलेली बोटाएवढी बाई. चित्रकार आमच्याच मुरबाडकडे येऊन काढून गेलेला. सरांनी विचारलं, काय दिसतं? मी हौसेनं हात वर केला. म्हटलं, "राब पेटलाय, सर."

राब कुणालाच ठाऊक नव्हता. पावसाच्या तोंडावर भाताच्या रोपांसाठी शेण-पाला पसरून जमीन भाजतात, एवढं सांगेपर्यंत सरांनी चुलीचा विनोद केलाही होता. मग उत्तर दिलं. "लिहून घ्या. वादळापुढे शरण गेलेली स्त्री. परीक्षेला हेच चित्र आहे."

सगळे लिहू लागले. माझं पेन उचलेना. त्या बाईच्या हातात ओली फांदी होती. मला स्वच्छ दिसत होती. आभाळ भरून आलं की राब भिजायच्या आत पेटवायची घाई होते. तेवढ्यात वारा फिरला तर आग ओल्या फांदीनं झोडपावी लागते. माझी आई अशीच झोडपत होती. एकटी. घर वाचलं. आई सहा दिवस हॉस्पिटलात होती, मग नव्हती.

"तुम्ही का लिहीत नाही?"

"ती शरण नाय गेली, सर. आग इझवतेय."

माझ्या 'नाय'वर पुन्हा हशा पिकला. या वेळी मी हसले नाही. वही मिटली.

घरी जेवताना बाबाला चित्र सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"वारा कुठं व्हता गो?"

"घराकडं."

तो ताटावरून उठला आणि अंगणात पाठमोरा जाऊन बसला. प्रदर्शनात चाळीस जण होते. हे एकानंही विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी आई गेली तेव्हासारखी रडले.

सोमवारी परीक्षा आहे. पेपर सरच तपासणार. नोकरी त्या गुणांवर. मी राब लिहिणार, ओली फांदी लिहिणार, वारा घराकडं होता हे लिहिणार. शरण हा शब्द माझ्या आईसाठी माझ्या हातून लिहिला जाणार नाही.

करा नापास.