दुर्गपालाची बाजू

कामावर त्याला सगळे ‘डबलचेक’ म्हणत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो अठरा वर्षं होता, आणि ब्रेक एकदा तपासून त्याचं कधी समाधान व्हायचं नाही. मशीन रूमला कुलूप लावून दोन मजले उतरला तरी परत वर जायचा. बरोबरचे कारागीर कपाळाला हात लावायचे. “अहो चला आता, लिफ्टसुद्धा कंटाळली तुम्हाला!” तो हसायचा आणि पुन्हा बॅटरी पेटवून वाकायचा. ही खोड त्याला कशी लागली, हे कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी बायकोची औषधांच्या दुकानात ड्यूटी असायची, म्हणून सकाळ बापलेकीची. लेक तेरा वर्षांची आणि तोंडाने फटकळ. तिच्या नादाने तो व्हिडिओ गेम खेळू लागला होता. एका राज्यात आपण एक पात्र होऊन हिंडायचं, माणसांशी बोलायचं, आणि आपण काय बोलू, काय करू त्यावर पुढची गोष्ट ठरायची. कंट्रोलर लेकीच्या हातात, सल्ले बापाचे.

त्या राज्यात एक दुर्गपाल होता. शत्रूने त्याची बायकामुलं पकडून नेली, तेव्हा त्याने गुपचूप खिंडीचा दरवाजा उघडून दिला. खालची तीन गावं जळाली. दरवाजा कुणी उघडला हे कुणालाच कळलं नाही. पुढे त्याच दुर्गपालाने दवाखाना काढला, साथीत रोग्यांची उष्टीखरकटी काढली, पाच लढायांत या बापलेकीच्या पात्राच्या खांद्याला खांदा लावून लढला. आणि आता त्याचं बिंग फुटलं होतं. तो गुडघे टेकून बसला होता, आणि पडद्यावर तीन पर्याय होते: फाशी, हद्दपारी, माफी.

“माफी दे,” बाप लगेच म्हणाला.

“का म्हणून?”

“अगं, त्याची बायकापोरं होती त्यांच्या ताब्यात. आणि नंतर किती चांगला वागला बघ की.”

“वागला ना. सगळ्यांशी वागला. पण त्या तीन गावांत एकदा तरी गेला का?” लेक म्हणाली. “आणि सॉरी कधी म्हणाला? आपण पकडल्यावर! तलवार गळ्याशी आल्यावर कोण नाही म्हणणार?”

लेकीने मान वळवून पाहिलं, तर बापाचा चेहरा पांढराफटक.

“बाबा, काय झालं? गेम आहे हा.”

मग त्याने तिला सांगितलं. ती पोटात होती तेव्हाची गोष्ट. डॉक्टरकडे जायची घाई होती, म्हणून एका सात मजली इमारतीत तो वर गेलाच नाही. ब्रेक तपासला असं रजिस्टरमध्ये लिहून, सही करून मोकळा झाला. आठवड्याने लिफ्ट घसरली. दोन माणसं मजल्यांच्या मध्ये अडकली. कुणाला फार लागलं नाही, पण चौकशी झाली. लिफ्ट घसरण्याच्या आदल्या दिवशी तेल घालायला जे गेले होते, ज्यांनी याला हाताला धरून काम शिकवलं होतं, ज्यांना तो दादा म्हणायचा, शेवटचा हात त्यांचा लागला म्हणून त्यांच्यावर सगळं शेकलं. दादांची गोदामात बदली झाली. हा गप्प बसला.

लेकीने कंट्रोलर खाली ठेवला. “मग तू त्यांना भेटलास?”

“नाही.”

“एकदाही?”

संध्याकाळी बायको आल्यावर त्याने तिलाही सांगितलं. ती चपला न काढता तशीच स्टुलावर बसली. “तरीच,” एवढंच म्हणाली. आणि मग, “उद्या जा.”

सोमवारी दुपारी तो गोदामात गेला. दादा ग्रीसचे डबे रचत होते. याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, “दादा, तो ब्रेक मी पाहिलाच नव्हता. नुसती सही केली होती.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“मी तेल घालायला गेलो तेव्हा मशीन रूमच्या कुलपावर कोळ्याचं जाळं होतं. महिनाभर तरी कुणी हात लावला नव्हता त्याला.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही?”

“सांगितलं की. साहेबांनी तुला विचारलं. तू खाली मान घालून उभा राहिलास.” दादांनी हातातला डबा ठेवला. “आता इथे डोळ्यांतून पाणी काढू नकोस. माझ्या फाइलीत लिहिलंय, हा माणूस हलगर्जी आहे. ते पुसायला लाव.”

त्याने त्याच दिवशी अर्ज लिहिला. नव्या मॅनेजरबाईंनी तो दोनदा वाचला. “यात नुकसान तुमचंच आहे, कळतंय ना?”

“कळतंय, मॅडम.”

निर्णयाला आठ दिवस लागणार होते. नोकरी जाईल अशी भीती होतीच; पण गंमत म्हणजे त्याला भूक लागू लागली, बायकोने दोनदा पातेलं रिकामं झालेलं दाखवलं.

मधल्या रविवारी लेकीने गेम लावला. दुर्गपाल अजून गुडघ्यांवरच होता. तिने तिन्हीपैकी काहीच दाबलं नाही. त्याला बरोबर घेऊन ती जळलेल्या गावांकडे निघाली. असं करता येतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. पहिल्या गावात एका बाईने त्याला दगड मारला. दुसऱ्या गावात दारंच उघडली नाहीत. तिसऱ्या गावातल्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, हातात फावडं दिलं आणि पडक्या विहिरीकडे बोट केलं.

“माफी आपण द्यायचीच नव्हती,” लेक म्हणाली. “आपलं काय जळलं होतं?”

दुर्गपाल माती उपसत होता, ते बाप बघत राहिला.

बुधवारी बोलावणं आलं. त्याला लेखी ताकीद मिळाली, ठरलेली बढती गेली, नोकरी राहिली. दादांच्या फाइलीतला शेरा रद्द झाला; तसं पत्र त्यांच्या हातात पडलं. परत साइटवर येता का, असं त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “सात मजले चढायला आता गुडघे कुठून आणू?” त्यांनी नव्या भरतीला शिकवायचं काम मागून घेतलं. माफ केलं असं ते कधीच म्हणाले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मात्र त्यांचा फोन आला. “ये रे शुक्रवारी. नुसती सही केली की काय होतं, ते या मंडळींना तुझ्या तोंडून ऐकू दे.”

“येतो,” तो म्हणाला. फोन ठेवला आणि ब्रेक तपासायला समोरच्या इमारतीचे सात मजले शीळ घालत चढला.