पडका जपानी किल्ला

दिवाळीआधी चाळीत ओल्या मातीचा वास सुटला की माझ्या छातीत अजून धडधडतं, सहा वर्षं झाली तरी. डिलाईल रोडला आमच्या चाळीत पोरं किल्ले करतात, शाळेचे मास्तर बघून नंबर देतात, तर माझ्या पोरीने त्या वर्षी मोबाईलमध्ये बघून जपानचा समुद्रकाठचा पडका किल्ला केला, निळ्या रांगोळीचा समुद्र आणि वर नुसता दगडांचा चौथरा. ती क्लासला गेली, मास्तर तर यायचेच होते, मला वाटलं बिचारीचा अर्धाच राहिला, मी सातवी नापास बाई, मला काय कळतंय, घाईघाईत माती कालवली आणि वर तीन मजली माडी चढवली. पोरगी आली ती किंचाळलीच, "आई, तो पडकाच होता गं! नीट कशाला केलास?" तिची आठ दिवसांची मेहनत माझ्या हाताने गेली, आणि तेवढ्यात मास्तर आलेच. "यात महाराज कुठेत?" पोरीने डोळे पुसले. "सर, हा जपानचा. पहिले असा होता, खालून जहाजं जायची. मग राज्य बदललं, हुकूम आला, पाडून टाका." आणि दोन्ही हातांनी तिने माझी माडी खाली ओढली. "आता एवढे दगडच उरलेत." मास्तरांनी माझे चिखलाचे हात बघितले, हसले. "पाडायला आईने बांधून दिला वाटतं?" "हो, मीच सांगितलेलं," पोरगी बोलली, तेव्हा कुठे माझा श्वास सुटला. यंदा तिने परत तोच चौथरा रचलाय, आणि माती माझ्यापुढे सरकवून बोलते, "चल, बांध तुझी माडी."