बाबांना न कळलेली बदली

मंत्रालयात बसून, न पाहिलेल्या शेतांची धोरणं लिहायची मला लाज वाटू लागली. मी तालुक्याच्या कृषी कार्यालयात जागा मागितली. मंजुरी आली त्या संध्याकाळी मुलुंडच्या घरात शिरताच ओरडलो, "बाबा, बदली झाली!"

बाबांचा चेहरा पडला. संप होईपर्यंत ते गिरणीत होते. तिथे बदली म्हणजे रोज दारात ताटकळणारा, कायम न झालेला कामगार.

"पर्मनंट होतास ना रे? तुमची युनियन झोपली काय?"

मी समजावलं.

"म्हणजे गाव मागून घेतलंस? आम्ही सोडून आलो ते?"

"युनियनची पत्रकं लहानपणी तुम्हीच वाचायला दिलीत, बाबा. कष्टकऱ्यांमध्ये जाऊन काम करा, असंच होतं ना त्यांत?"

सकाळी मात्र बाबा शेजाऱ्यांना ऐटीत सांगत होते, "पोराची बदली झाली. पर्मनंट बदली!"