मोरीत ओतलेला चहा

कप त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. मी एक घोट पण घेतला नव्हता.

ह्यांना मातीत घालून सगळे नुकतेच परत आले होते. हे म्हणजे माझा नवरा. काशीमीऱ्याला टेम्पो साइडला लावून खाली उतरले आणि मागून ट्रक आला. एवढंच. जास्त मला अजून पण सांगता येत नाही. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजारच्या सुमनताईंनी किटली भरून चहा आणला होता. मला भिंतीला टेकून बसवलं. म्हणाल्या, "घे गं पोरी. अंगावर पोर पितंय तुझ्या, पोटात काहीतरी जाऊ दे." पिंकी मांडीवर होती. तोंड लावून ओढत होती, दूध येत नव्हतं, रडत होती.

तेवढ्यात अध्यक्ष आत आले. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, अध्यक्ष. पांढरा शर्ट, टाय. पायात बूट तसेच.

"सिस्टर, नवऱ्याची माती अजून ओली आहे, आणि तुम्ही चहा पिताय?"

कप घेतला, मोरीत गेले, ओतला. परत आले, किटली उचलली, ती पण ओतली. मग माझाच साबण घेऊन कप घासला. वास राहू नये म्हणून. घरभर बायका बसलेल्या, सगळ्या बघत होत्या. सुमनताई रिकामी किटली पोटाशी धरून उभ्या. मी मोरीतला फेस बघत बसले. फेस तपकिरी होता.

मग सोबत आलेल्या त्यांच्या बायकोला हळू आवाजात म्हणाले, पण खोली केवढीशी, ऐकू आलंच. "ह्या लोकांना शिस्त लागायला वेळ लागतो."

ह्या लोकांना. रविवारी हॉलमध्ये ब्रदर, सिस्टर. आणि माझ्या मोरीपाशी ह्या लोकांना.

आता तुम्ही विचाराल, चहाचं काय एवढं. तर आम्ही मॉर्मन झालो होतो. वस्तीत कोणाला हे नाव बोलता पण यायचं नाही. कोणी म्हणायचं मार्बल, कोणी म्हणायचं हे बिनचहाचे. त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू काही चालत नाही. ह्यांना गोदामातल्या एका दोस्ताने नेलं पहिल्यांदा. मी नाही म्हणत होते. आमचं घर जालन्याकडचं, सासूबाईंनी भिंतीवर बुद्धाचा फोटो लावलेला, आपलं काय कमी होतं. पण ह्यांची दारू सुटली. खरंच सुटली, खोटं कशाला बोलू. पगार घरी यायला लागला, हात उचलणं बंद झालं. मग मी पण गेले. मी सातवी नापास, तिथली गाणी अर्धी इंग्रजी, नुसते ओठ हलवायचे. हॉल झाडायला मात्र मला सगळं समजायचं. बाकीच्या सिस्टर बेव्हर्ली पार्कच्या फ्लॅटातल्या, त्यांच्या कमरा दुखायच्या. झाडू माझ्याकडे.

पण एका गोष्टीला मी भुलले. ते म्हणायचे, आमच्यात लग्न मरेपर्यंत नसतं. कायमचं असतं. परदेशात मोठं मंदिर आहे, तिथे जाऊन नवराबायकोला जोडतात, मग मेल्यावर पण सुटत नाही. ह्यांनी त्या मंदिराचा फोटो आणून बुद्धाच्या बाजूला लावला. म्हणायचे, "एकदा जाऊ आपण. मग तू माझ्यापासून सुटत नाहीस." मी हसायचे. विमानाचं तिकीट कोण काढणार होतं. पण मनात बसलं ते.

आणि मग ट्रक आला.

मातीनंतर अध्यक्षांनी मला त्यांच्या छोट्या खोलीत बोलावलं. म्हणाले, अजून पण होऊ शकतं. वर्ष जाऊ दे, मग त्यांच्या नावाने तिकडे मंदिरात जोडता येतं. पण आधी तुम्ही लायक आहात का, ते मी बघणार. तुमच्याबद्दल माझ्या मनात शंका आहे.

मी म्हटलं, "आणि नाही झालं तर?"

"तर ते तिकडे एकटे राहतील."

सांगा मला, माझं काय वय होतं. अंगावर पोर, नवरा मातीत, आणि हा माणूस सांगतोय तो तिकडे एकटा राहील, तुझ्यामुळे. मी घाबरले. एवढी घाबरले की सुमनताईंच्या दारावरून जाताना श्वास धरायचे, चहाचा वास नाकात गेला तरी पाप लागेल म्हणून. त्या हाक मारायच्या, "ये गं, बस घडीभर." मी मान खाली घालून पुढे. एकदा पिंकीने त्यांच्या बशीतली चहात बुडवलेली खारी तोंडात घातली, मी बोट घालून काढली. ती ओकली. सुमनताई म्हणाल्या, "पोरीचा जीव घेशील का त्या टायवाल्यासाठी?" मी पिंकीला उचललं आणि घरी आले. मला हे दिसायचे. कुठेतरी एकटे उभे, टेम्पो नाही, काही नाही, मान वळवून वाट बघतायत.

वर्ष होत आलं. गोदामातून निरोप आला, ह्यांचा डबा आणि एक शर्ट पडून आहे, घेऊन जा. पिंकीला काखेत मारली आणि गेले. ज्या रस्त्यावर हे गेले तो रस्ता ओलांडताना मधेच थांबले, एका बाईने हात धरून पलीकडे नेलं. शर्ट घेतला. वास घेतला, डिझेलचा होता, बरा वाटला. बाहेर चहाची टपरी. तिथला भैया मला बघत होता. म्हणाला, "टेंपोवाले भैया की घरवाली हो ना? बैठो भाभी."

मी म्हटलं, मी चहा पीत नाही.

तो हसला. "वो भी यही बोलते थे. फिर रोज सुबह पीते थे. अदरक कूट के. ऊपर से इलायची चबाते थे, बोलते थे घर में पता चला तो बीवी रोएगी."

मी बाकड्यावर बसले. रोज सकाळी. आणि मला वाटायचं, मंदिराच्या भक्तीने ह्यांच्या तोंडाला वेलचीचा वास येतो. मला हसू आलं. ह्यांच्यानंतर पहिल्यांदा. मग हसता हसता असं रडू फुटलं की भैयाने पिंकीला माझ्याकडून घेतलं.

मला घाबरून हे लपून पीत होते. ह्यांना घाबरून मी चहाला शिवत नव्हते. एका खोलीत राहून दोघं एकमेकांना घाबरत होतो. आणि ती भीती आमची नव्हती, ती आणून घातलेली होती.

मी म्हटलं, भैया, दे. त्यांना द्यायचास तसाच.

प्याले.

त्यांच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे उपास धरतात, आणि ज्याला वाटेल त्याने पुढे जाऊन साक्ष द्यायची. कोणाला अडवत नाहीत. सुरुवात ठरलेली असते, मला माहीत आहे की हे खरं आहे. मी कधी गेले नव्हते. त्या रविवारी गेले. पिंकी काखेत. माइकमध्ये माझा श्वासच मोठा ऐकू येत होता.

"मला माहीत आहे की माझा नवरा रोज चहा प्यायचा," मी म्हटलं. "मला माहीत आहे की तो चांगला होता. मला माहीत आहे की ह्या अध्यक्षांनी मयताच्या घरातला चहा मोरीत ओतला, आणि माझं पोर भुकेलं राहिलं."

"सिस्टर, बसा."

"मला माहीत आहे की अध्यक्षांनी मला वर्षभर माझ्याच मेलेल्या माणसाची भीती दाखवली."

त्यांच्या बायकोने पेटीवर गाणं सुरू केलं, माझा आवाज दाबायला. मी आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदा.

"चहावाल्यांना आत घेत नसाल तर माझा नवरा बाहेरच आहे. मग मी पण बाहेर. माझं नाव काढा."

अध्यक्ष उठून जवळ आले. दात आवळून म्हणाले, "विचार करा. त्यांना कायमचं गमवाल."

मी म्हटलं, "साहेब, माझ्या नवऱ्याला मी कुठे शोधायचं ते तुम्ही सांगू नका. तो टपरीवर भेटला मला."

आणि झाडू दाराशी होता, तो उचलून त्यांच्या बायकोच्या पेटीवर ठेवला. चालू लागले.

लोक म्हणतात, झालं गेलं, माफ कर. सुमनताई पण म्हणतात. मी नाही करत. करायचं पण नाही. त्यांचा हॉल आहे त्या बिल्डिंगच्या खाली, जिन्याच्या तोंडाशी, आता माझी चहाची गाडी आहे. सुमनताईंची तीच किटली. अध्यक्षांनी वॉचमनला सांगून बघितलं, सोसायटीला सांगून बघितलं. गाडी हलली नाही. वॉचमनच माझ्याकडे चहा पितो. ते खाली मान घालून माझ्यासमोरून वर चढतात.

पहिल्या रविवारी वर सगळ्यांचा उपास असतो. त्या दिवशी मी आलं जास्त ठेचते, आणि झाकण काढून ठेवते.